‘थांब आता’ म्हणणारी शुभदा

फोन वायरेमूचा होता. शनिवारची सकाळ, वेलिंग्टनला नेहमी असतो तसा वारा सुटलेला, आणि मी बाल्कनीत ओल्या चादरींशी झटत होते. वायरेमू मला कधी फोन करत नाही. ऑकलंडच्या मनुरेवा भागातल्या एका छोट्या बेसबॉल क्लबचा तो मुख्य कोच. उंचापुरा, रुंद खांद्यांचा माओरी माणूस, समोर असला तरी मोजकंच बोलणारा. “मीनल,” तो म्हणाला. मागे कुणीतरी कपबशा विसळत असल्याचा आवाज येत होता. मी चादर तशीच धरून उभी होते. शेवटी तो म्हणाला, “शूब्स गेली, भो.” शुभदाच्या नवऱ्याला, अविनाशला, तो शब्द तोंडातून काढता येत नव्हता, म्हणून त्यानं वायरेमूच्या हातात फोन दिला होता.

‘भो’ हा शब्द खान्देशातला. जळगावकडची माणसं एकमेकांना ‘काय भो’ म्हणतात, भाऊचा भो. न्यूझीलंडमध्ये जो तो एकमेकाला ‘ब्रो’ म्हणतो, त्यामुळे शुभदाचं ‘भो’ क्लबातल्या पोरांना सुरुवातीला चुकीचा उच्चार वाटला. मग त्यांनी तो गंमत म्हणून उचलला, आणि पुढे गंमतही गेली. तो त्यांचाच शब्द झाला. सामोअन, टोंगन, माओरी, पंजाबी, सगळी पोरं मैदानात एकमेकांना भो म्हणून हाका मारायची. तिच्या नावाचं त्यांनी शूब्स केलं होतं आणि तिनं त्यांना भो केलं होतं, असा तो हिशोब होता… त्या सकाळी मात्र तो शब्द ऐकल्यावर मी खाली बसले. चादर वाऱ्यानं शेजारच्यांच्या कुंपणावर जाऊन पडली, ती आणायला मी दुपारी गेले.

शुभदाची आणि माझी ओळख मनुरेवातल्याच एका फ्लॅटमधली. आम्ही दोघी शिकायला म्हणून या देशात आलो, मी पुण्याहून, ती जळगावहून. कॉलेजं वेगळी, कोर्स वेगळे, खोली मात्र एक. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी ती कंगवा आणि रबरबँड घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “जरा पोनी बांधून दे ना.” मला वाटलं, बाईसाहेब लाडावलेल्या दिसतात. मग तिनं शांतपणे उजवा हात वर करून दाखवला. तो खांद्याच्या पातळीपर्यंत आला आणि तिथेच थांबला, दाराची कडी अडावी तसा. “घरी आई बांधायची, हॉस्टेलला रूममेट. आता तू,” ती म्हणाली, जणू माझी नेमणूक झाली होती. पुढे अविनाशशी तिचं लग्न होईपर्यंत ती नेमणूक मी निभावली. तिचे केस दाट होते, आणि बांधताना ती सतत बोलायची, मान हलवायची, त्यामुळे पोनी नेहमी थोडी वाकडी व्हायची.

हाताची गोष्ट तिनं एकदम नाही सांगितली. जळगावला शाळाशाळांतून मुली सॉफ्टबॉल खेळतात हे मला पुण्यात वाढूनही माहीत नव्हतं. शुभदा पिचर होती, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी. हात रहाटासारखा खांद्यातून गोल फिरवायचा आणि कमरेजवळून चेंडू सोडायचा. ती शाळेच्या टीममधून विद्यापीठाच्या टीममध्ये गेली. एका मोठ्या स्पर्धेत दुसऱ्या पिचरला ताप आला आणि शुभदानं सगळे सामने एकटीनं टाकले. त्या जिंकल्या. सुवर्णपदक मिळालं, टेम्पोतून मिरवणूक निघाली, गुलाल उधळला गेला. घरी आल्यावर तिला आंघोळीचा तांब्या उचलेना. मी तिच्या सरांबद्दल काहीतरी वाईट बोलले असणार, कारण ती चटकन म्हणाली, “नाही गं, सर चांगले होते. त्यांनी विचारलं होतं मला. ‘दुखतंय का शुभदा?’ मी म्हटलं, नाही सर. त्या वयात हो कोण म्हणतं? उलट विचारल्यावर मला जोरच चढला.” मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखी… “विचारायचंच नसतं. बघायचं असतं.”

नंतर मी नोकरीसाठी वेलिंग्टनला गेले. तिचं अविनाशशी लग्न झालं. तो विमानतळावर कार्गोमध्ये काम करतो. त्यांनी मनुरेवातच घर घेतलं, ईशा झाली. शुभदा एका वृद्धाश्रमात रोस्टर बघायची. कुठली आया आज आजारी, कुणाची पाठ धरलीये, कुणाचं मूल तापलंय, आणि त्यात रात्रपाळीला कोण उभं राहील, हे रोज सकाळी नव्यानं जुळवायचं. खेळाशी तिचा संबंध संपला होता. ईशानं शाळेत सॉफ्टबॉल घेतला तेव्हा शुभदा तिला मैदानावर सोडायला जायची, आणि शेजारच्या मैदानावर वायरेमूची टीम बेसबॉलचा सराव करत असायची. इथले क्लब हौशी लोकांच्या जिवावर चालतात. कुंपणाशी दोन आठवडे कुणी उभं दिसलं की तिसऱ्या आठवड्यात त्याच्या हातात काहीतरी काम येतं. शुभदाच्या हातात आधी संत्र्यांच्या फोडी करायचं काम आलं, मग बर्फाच्या पिशव्या, आणि पोरांच्या खांद्यांवर बर्फ बांधता बांधता ती केव्हा पिचरांची कोच झाली ते तिलाही नीट सांगता यायचं नाही. वायरेमूला विचारलं तर तो खांदे उडवून म्हणायचा, “ती सांगायला लागली. आम्ही ऐकायला लागलो.”

क्रिकेट बघणाऱ्या आपल्या लोकांना हे काम समजावणं तसं अवघड नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाज सहा चेंडू टाकतो आणि लाँगऑनला जाऊन उभा राहतो. बेसबॉलमध्ये पिचरला ती सोय नाही. सामना छोट्या छोट्या इनिंगचा, आणि त्यातला प्रत्येक चेंडू त्यानंच टाकायचा, अंगातली सगळी ताकद लावून, त्याला बदलेपर्यंत. आणि एकदा बदललं की तो त्या सामन्यात सहसा परत येत नाही. त्यामुळे कुणाला किती वेळ ठेवायचं, कुणाला आज हातही लावायचा नाही, कुणाला पुढच्या रविवारसाठी जपायचं, हा सगळा जुगार. आणि ज्याला बदलायचं त्याच्याकडे कोच मैदानात चालत जातो आणि तळहात पुढे करतो. पिचर त्या हातावर चेंडू ठेवतो आणि बाहेर पडतो. सगळ्या मैदानासमोर. शुभदा माझ्यासारखीच लहानखुरी. माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा, त्यावर दाढीवाला आडदांड पोरगा आणि खाली ही, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, डोक्यावर उन्हाची टोपी, हात पसरून उभी… मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. तो पोरगा मान खाली घालून चेंडू देऊन गेला तेव्हा हसू थांबलं.

ती पोरांना दुखतंय का असं कधीच विचारायची नाही. सामन्याच्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन पार्किंगमध्ये घडीची खुर्ची टाकून बसायची. कोण बॅग कुठल्या खांद्यावर घेतोय, कोण गाडीचं दार कुठल्या हातानं लावतोय, कोण बहिणीच्या पोराला उचलून घेतोय आणि कोण नुसताच गालाला हात लावतोय. “कायले एवढी लवकर येते?” असं मी तिला तिच्याच भाषेत चिडवायचे. ती म्हणायची, “मैदानात ते पिचर असतात. इथे माणसं असतात.”

तिचे वडील, अण्णा, जळगावहून सहा महिने येऊन राहिले होते तेव्हाचा एक प्रसंग तिनं मला पुन्हा पुन्हा सांगितला आहे. अण्णा प्रत्येक सामन्याला जायचे, मफलर बांधून, खिशात शेंगदाण्याची चिक्की घेऊन. त्यांना खेळ फारसा कळायचा नाही. एवढा वेळ खेळून धावा इतक्या कमी का होतात, ही त्यांची कायमची तक्रार होती. एका सामन्यात टीम पुढे होती आणि शुभदानं छान टाकत असलेल्या पोराला बाहेर काढलं. पुढच्या पोरानं सामना घालवला. जळगावच्या घरी, दिवाणखान्यात, तिचं सुवर्णपदक अण्णांनीच फ्रेम करून लावलं होतं. सामन्याहून येताना गाडीत ते एकदम म्हणाले, “तुझ्या सरांनी त्या वेळी असं केलं असतं तर…” ती म्हणाली, “तर आपण हरलो असतो, अण्णा.” अण्णा खिडकीबाहेर बघत होते. “हो,” ते म्हणाले. “हरलो असतो.” पुढच्या सामन्यापासून बाहेर काढलेला प्रत्येक पिचर बाकावर येऊन बसला की अण्णा उठायचे, त्याच्यापाशी जायचे आणि चिक्कीचा एक तुकडा त्याच्या हातावर ठेवायचे. अण्णा परत गेल्यावर पोरांनी शुभदाला विचारलं होतं, ते गोड आता मिळणार नाही का म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात त्या टीमचं जे झालं ते क्लबातली माणसं अजून बोलतात. सुरुवातीला चांगले पाच पिचर होते. एकाचा कोपर गेला. एकाचा अंगठा खाटीकखान्यातल्या कामावर मोडला. एकाला ब्रिस्बेनला नोकरी लागली आणि इथल्या रीतीप्रमाणे तो पंधरवड्यात तिकडे गेला. चौथ्याची बायको बाळंत झाली, जुळं झालं, त्याचा हात शाबूत होता पण माणूस उभ्या उभ्या झोपायचा. राहिला टेविता. एकोणीस वर्षांचा टोंगन मुलगा, एका गोदामात माल चढवायचा, स्वभावानं लाजरा, आणि हातात असा वेग की पलीकडच्या मैदानावरचे लोक खेळ थांबवून बघायचे. त्या उन्हाळ्यात शुभदा रोज कामावर रोस्टर लावायची आणि संध्याकाळी घरी पुन्हा रोस्टर लावायची. ज्यानं आयुष्यात पिचिंग केलं नव्हतं अशा एका पंजाबी मुलाला तिनं तयार केलं. पन्नाशीचा एक प्लंबर होता, पूर्वीचा खेळाडू, गुडघे गेलेले. त्याला पुन्हा बूट चढवायला लावले. “सामन्याच्या सकाळपर्यंत मला माहीत नसतं गं कोण टाकणार,” ती फोनवर हसत सांगायची, “पण वृद्धाश्रमातही मला कुठे माहीत असतं?” या सगळ्यात टेविताला ती तुपाच्या भांड्यासारखं जपत होती. आज थोडं, परवा काहीच नाही, मग पुन्हा थोडं. आणि अशा जोडाजोडीवर ती टीम फायनलला पोचली.

फायनल बघायला मी ऑकलंडला गेले होते. घरात सकाळपासून सणासारखी धावपळ. ईशा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच येतं, मला बजावत होती, “मीनल मावशी, यू हॅव टू ईट फर्स्ट, मम्मा वोंट स्टॉप फॉर फूड.” कारण त्या दिवशी एक पाहुणा येणार होता. अमेरिकेतल्या कुठल्यातरी कॉलेजसाठी खेळाडू निवडणारा माणूस, टेविताला बघायला. पसंत पडला तर शिक्षण, खेळ, सगळं तिकडे. टेविताची आई, आना, चर्चचे कपडे घालून आली होती, डोक्याला हॅट, सोबत सगळं गोत. शुभदा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसली होती, मी तिच्या शेजारी. टेविता गाडीतून उतरला, आम्हाला बघून हसला आणि डाव्या हातानं दार लावलं. चेंडू टाकायचा उजवा हात मोकळाच होता. शुभदानं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

तिनं वायरेमूला सांगितलं. वायरेमूनं टेविताला विचारलं, आणि टेविता म्हणाला, स्वीट ॲज, एकदम मस्त, काहीच नाही. मग ठरलं की त्याला टाकू द्यायचं आणि शुभदानं बघायचं. त्यानं सुंदर टाकलं. मला खेळातलं फार कळत नाही, तरी मला कळत होतं. समोरची माणसं येत होती आणि बॅट हवेत फिरवून परत जात होती. आनाच्या बाजूनं गाणी सुरू झाली होती. तो पाहुणा गॉगल कपाळावर सरकवून बसला होता. अर्ध्यावर सामना आला असेल, आम्ही एका धावेनं पुढे होतो. आणि शुभदा कुंपण धरून उभी होती, तिचा चेहरा मला दिसत होता. तो वेदनेचा चेहरा होता, पण मला तेव्हा वाटलं ती टेविताची वेदना आहे. ती वायरेमूला म्हणाली, “चेंडूनंतर बोटं झटकतोय बघ. मघाशी झटकत नव्हता.” वायरेमू म्हणाला, “अजून एक इनिंग, शूब्स. तो माणूस बघतोय.” ती म्हणाली, “म्हणूनच.” आणि ती आत चालायला लागली.

माउंडपाशी जाऊन तिनं हात पुढे केला. टेवितानं चेंडू दिला नाही. तो तिच्याकडे बघतही नव्हता, तो कुंपणापलीकडे बघत होता, जिथे तो पाहुणा बसला होता. गाणी थांबली. शुभदा हात पसरून उभीच राहिली. “थांब आता, भो,” ती म्हणाली म्हणे. “बास झालं.” मग त्यानं चेंडू तिच्या हातावर न ठेवता मातीत टाकला आणि चालू लागला, बाकाकडे नाही, सरळ गाडीकडे. शुभदा वाकली, चेंडू उचलला, आणि वाकलेलीच राहिली. क्षणभरच. कुणाला वाटावं ती मातीत काही शोधतेय. मग सावकाश उभी राहिली आणि चेंडू प्लंबरच्या हातात दिला. त्या बिचाऱ्यानं शर्थ केली. आम्ही एका धावेनं हरलो. पाहुणा त्याआधीच निघून गेला होता.

पार्किंगमध्ये आना तिच्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. “माझ्या मुलाचं विमान तू चुकवलंस,” एवढंच म्हणाली. शुभदा म्हणाली, “हो.” घडीची खुर्ची तिला मिटेना. वायरेमूनं ती तिच्या हातातून घेतली, मिटली, आणि मग जागचा न हलता म्हणाला, “तू वाकलीस तेव्हा मी पाहिलं. सोमवारी डॉक्टर.” ती म्हणाली, पाठ धरलीये जरा, होईल बरी. तो म्हणाला, “मी विचारत नाहीये, भो.”

टेविताच्या कोपराचा स्कॅन पुढच्या आठवड्यात झाला, आणि शुभदाचाही. त्याच्या कोपराचे तंतू ताणले होते, सूज होती, पण फाटलं नव्हतं. आणखी एक इनिंग टाकली असती तर फाटलं असतं का, असं वायरेमूनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कदाचित. कदाचित नाही. शुभदाच्या बाबतीत ‘कदाचित’ नव्हतं. अंडाशयाचा कर्करोग होता आणि तो तिथेच थांबलेला नव्हता. दोन्ही बातम्या तिनं मला एकाच फोनवर सांगितल्या, आणि तिला बोलायचं होतं ते पहिल्या बातमीबद्दल. “हे कधीच कळणार नाही ना गं, मीनल… फाटलं असतं तर लोक म्हणाले असते शुभदा बरोबर होती. काहीच झालं नसतं तर पोरगा आज अमेरिकेला निघाला असता.” मी रडत होते. ती मला समजावत होती की पिचरला काढताना असंच असतं, जे टळलं ते दिसत नाही आणि जे गेलं ते सगळ्यांना दिसतं.

केमो सुरू झाल्यावर तिचे केस गेले. मी सुट्टी काढून गेले होते, तर दारातच म्हणाली, “ये. तुझी नोकरी गेली बघ.” मला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर आम्ही दोघी पायरीवर बसून इतक्या हसलो की ईशा बाहेर येऊन बघून गेली. पण टेविता आला नव्हता. सबंध हिवाळा तो क्लबकडे फिरकला नाही. पोरं येऊन जायची, प्लंबर तर आल्यासरशी गळका नळ दुरुस्त करून जायचा. टेविताचं नाव कुणी काढायचं नाही. शुभदा मात्र कधीतरी विचारायची, “तो हाताला बर्फ लावतो का रे? व्यायाम करतो का?” पोरं म्हणायची, माहीत नाही.

आधी आना आली. एका रविवारी, चर्चहून परस्पर, हातात टॉवेलात गुंडाळलेलं गरम भांडं. टोंगन लोक अळूची पानं नारळाच्या दुधात घालून शिजवतात, एरवी त्यात मांस असतं. आनानं ते न घालता केलं होतं. शुभदा खात नाही हे तिला सामन्यांच्या डब्यांमुळे माहीत होतं. शुभदानं एक घास खाल्ला आणि तिचे डोळे भरले. “ही तर आमची अळूची भाजी,” ती म्हणाली. तिला तेव्हा काहीही पचत नव्हतं, पण ते तिनं खाल्लं. त्या दिवसापासून दर रविवारी ते भांडं यायचं. सामन्याबद्दल दोघी कधी बोलल्याचं मला माहीत नाही.

टेविता वसंतात आला, झाडांना नवी पालवी फुटली होती तेव्हा. मी तिथेच होते. शुभदा कोचावर उशांना टेकून बसली होती, डोक्याला रुमाल, अगदी एवढीशी झालेली. तो दारात उभा राहिला, चपला काढून, हात मागे बांधून. शेवटी तिनंच विचारलं, “राग गेला का, भो?” “नाही,” तो म्हणाला. “सगळा नाही.” आणि शुभदा हसली, आजारी पडल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. “खरं बोललास. नाहीतर पिचर लोक कधी खरं बोलत नाहीत.” मग म्हणाली, “हात वर कर बघू.”

त्यानं उजवा हात वर केला. सरळ, कानाला लागून, बोटं छताकडे. तो इतका उंच आहे की बोटं दिव्याच्या शेडला लागली. ती बघत राहिली. खांदा, कोपर, मनगट… तिनं त्याला हात खाली घे म्हटलं नाही आणि त्यानंही घेतला नाही. अविनाश चहाचा ट्रे घेऊन आला होता तो दारातच थबकला. मला तेव्हा तिच्या खांद्यावर अडलेला हात आठवला, आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. परत आले तेव्हा टेविता खाली गालिच्यावर बसला होता आणि ती त्याला खांद्याचा कुठलातरी व्यायाम शिकवत होती, आवाज अगदी बारीक, पण रागावून.

अमेरिकेहून पुन्हा कुणी त्याला बघायला आलं नाही. हे लिहायला हवं, कारण अशा लेखांत शेवटी सगळं जुळून आल्यासारखं वाटतं. तो अजून गोदामातच काम करतो. या उन्हाळ्यात मात्र तो खेळला, आणि शुभदा जमेल तेव्हा गाडीत बसून बघत होती, काच खाली करून, अंगावर गोधडी घेऊन. दोनदा तिनं काचेतून हात बाहेर काढला आणि वायरेमूनं जाऊन त्याला बाहेर घेतलं. दोन्ही वेळा त्यानं चेंडू हातावर ठेवला. शरद ऋतूत, पानं झडून गेल्यावर, एका पहाटे ती घरीच गेली. अविनाश आणि ईशा जवळ होते. अंत्यसंस्कारात अविनाशनं मंत्र म्हणवून घेतले, आनाच्या चर्चच्या लोकांनी त्यांचं गाणं म्हटलं, आणि तिला खांदा देणाऱ्यांत पोरंच जास्त होती. वायरेमूनं कोण कुठे उभं राहील ते लावून दिलं होतं. टेविता उजवीकडे होता, उजवा खांदा मोकळा राहील असा. ते वायरेमूनं मुद्दाम केलं की तसंच झालं, मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा मनुरेवाला जाऊन आले. ईशाच्या परीक्षा आहेत, अविनाश एकटा पडलाय, म्हणून. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसते. भिंतीला एक जुनी गादी उभी टेकवलेली आहे, तिच्यावर खडूनं काढलेला चौकोन, आणि चौकोनाच्या आत गादी खोलगट झालेली, कुणीतरी वर्षानुवर्षं उशीला डोकं टेकावं तशी. हिवाळ्यात मैदानं चिखलाची होतात तेव्हा पोरं तिथे येऊन चेंडू टाकतात. शुभदा गेल्यावर अविनाशला वाटलं होतं आता येणार नाहीत. पण बुधवारी संध्याकाळी टेविता आला, सोबत पंजाबी मुलगा, आणि त्यानं विचारलं, चालेल का? अविनाशनं गॅरेजचं दार वर केलं.

आम्ही स्वयंपाकघरात होतो. तो भरतासाठी वांगी भाजत होता, मी कांदा चिरत होते, आणि भिंतीपलीकडून आवाज येत होता. धप्… मग शांतता, मग पुन्हा धप्. अविनाश बेसबॉल कधी खेळला नाही, त्याला त्यातलं काही कळत नाही असं तो स्वतःच सांगतो. शुभदा पोळ्या लाटताना तो आवाज ऐकायची आणि मधेच लाटणं ठेवून दार उघडून ‘थांब आता’ म्हणायची, हे त्यानं सतरा वेळा पाहिलेलं. मी कांदा चिरत राहिले. धप्. धप्. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. अविनाशनं वांगं फिरवलं, मान जराशी तिरकी केली, आणि गॅस बारीक केला. हात पुसत तो गॅरेजच्या दाराशी गेला. दार उघडलं.

“चहा झालाय,” तो म्हणाला.

चहा झाला नव्हता. मी आधण ठेवलं. पलीकडे चेंडू बादलीत पडल्याचा आवाज आला.